मक्याची सोयरीक

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या मध्यपश्चिम मुलखात, म्हणजे आयोवा, इलिनॉय, इंडियाना ह्या मक्याच्या राज्यांत, सुगी उरकून थंडी पडली की ठिकठिकाणी कणसांची प्रदर्शने भरत असत, आणि दहा-दहा कणसांचे संच लांब मेजांवर ओळीने मांडून शेतकरी परीक्षकांच्या निकालाची वाट पाहत उभे राहत. परीक्षकांच्या हाती गुणपत्रक असे. कणसाचा आकार दंडगोल आहे की निमुळता, दाण्यांच्या ओळी सुतात धरल्यासारख्या सरळ आहेत की वाकड्या, शेंडा आणि बुडखा दाण्यांनी पुरता भरला आहे की नाही, अशा एकेका लक्षणाला गुण ठरलेले असत. त्यांची बेरीज होऊन जे कणीस पहिले येई त्याचेच बी उत्तम, अशी प्राध्यापकांपासून सामान्य शेतकऱ्यापर्यंत सर्वांची प्रामाणिक समजूत होती. खाण तशी माती, हे जर खरे, तर देखण्या कणसाच्या पोटी भरघोस पीकच यावयाचे, ह्यात कोणाला शंका वाटण्याचे कारण नव्हते.

ह्या प्रदर्शनांचे मोठे पुरस्कर्ते पेरी होल्डन हे आयोवातील एम्स येथील कृषिमहाविद्यालयात प्राध्यापक होते आणि आगगाडीतून गावोगाव फिरून ते उत्तम बियाण्याविषयी व्याख्याने देत. १९०४ साली हेन्री वॉलेस नावाच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने त्यांच्याकडून परीक्षेत वर आलेली आणि खाली राहिलेली अशी कणसे मागून घेतली, प्रत्येक कणसाचे दाणे स्वतंत्र ओळीत पेरले, आणि सुगीत प्रत्येक ओळीचे उत्पन्न वेगवेगळे मोजले. हिशेब पुरा झाला तेव्हा त्याला असे दिसून आले, की कणसाचे देखणेपण आणि त्याच्या बियाण्याचे उत्पन्न ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हा मुलगा पुढे संकरित मक्याच्या बियाण्याची पहिली कंपनी काढणार होता, अमेरिकेचा कृषिमंत्री आणि उपाध्यक्ष होणार होता. परंतु मला त्याच्या चरित्रातील ह्या सर्व पदांपेक्षा त्या पोरवयातील तराजूचे अधिक अगत्य वाटते, कारण मक्याच्या पैदाशीतील पुढची सारी विद्या त्या तराजूने विचारलेल्या एकाच प्रश्नाभोवती वाढलेली आहे: आईबापांची पारख कशावरून करावयाची?

हा प्रश्न मक्यातच इतका बिकट का व्हावा, हे समजण्यासाठी मक्याचे झाड जरा जवळून पाहिले पाहिजे. गव्हाच्या किंवा भाताच्या फुलात नर आणि मादी एकाच घरात नांदतात आणि बहुधा तेथल्या तेथेच फलधारणा होते. मक्याचे तसे नाही. झाडाच्या शेंड्यावर जो तुरा येतो तो नर, आणि खोडाच्या मध्यावर पानाच्या बगलेत जे कणीस धरते ते मादी. कणसाच्या टोकाशी जे रेशमी केस लोंबताना दिसतात, त्यांतील एकेक केस हा एकेका भावी दाण्यापर्यंत गेलेला असतो, आणि वाऱ्यावर उडत आलेला परागकण त्या केसाला चिकटला तरच तो दाणा भरतो. सबब उघड्या शेतात एका कणसावरील प्रत्येक दाण्याची आई एकच असली तरी बाप कोण हे कोणालाच सांगता येत नाही; एकाच कणसावर कित्येक बापांची लेकरे शेजारी शेजारी बसलेली असतात. प्रदर्शनात पहिले आलेले कणीस ज्या शेतकऱ्याने निवडले, त्याने वस्तुतः केवळ अर्ध्या वंशाची निवड केली होती, आणि तीही त्या अर्ध्या वंशाचा चेहरा पाहून.

तरीसुद्धा जुन्या शेतकऱ्यांच्या हातून मोठी कामगिरी झाली नाही असे नाही. १८४६ साली रॉबर्ट रीड नावाचा शेतकरी ओहायो राज्यातून इलिनॉयमध्ये वस्तीला आला, तेव्हा त्याने आपल्याबरोबर तांबूस दाण्याच्या मक्याचे बी आणले होते. पहिल्या वर्षी पेरणीला उशीर झाल्यामुळे पीक नीट पिकले नाही, आणि तेच कच्चे बी पुढल्या वर्षी पेरल्यावर जागोजाग खाडे पडले. त्या खाड्यांत त्याने स्थानिक पिवळ्या मक्याचे दाणे टोकले. दोन भिन्न मुलखांतील वाण असे अडचणीपोटी एका शेतात आले, वाऱ्याने त्यांचा संकर घडवला, आणि त्या मिश्रणातून बापलेकांनी वर्षानुवर्षे निवड करीत जो मका तयार केला, त्याला १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. रीडचा हा पिवळा मका पुढे सगळ्या मध्यपश्चिमेत पसरला. पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात आयझॅक हर्शी ह्याने असाच दीर्घकाळ निवड करून एक निराळा वाण सिद्ध केला होता. ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत, कारण अर्धशतकानंतर ह्या दोन घराण्यांची सोयरीक जमावयाची आहे.

शास्त्रीय पद्धतीचा आरंभ मात्र न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड बेटावर, कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे झाला. तेथे जॉर्ज हॅरिसन शल हे वनस्पतिशास्त्रज्ञ कणसावरील दाण्यांच्या ओळींची संख्या वंशपरंपरेने कशी उतरते, एवढ्याच गोष्टीचा शोध घेत होते. मक्याचे उत्पन्न वाढवावे हा त्यांचा मूळ हेतू नव्हता. ह्यासाठी त्यांनी झाडाच्या तुऱ्यातील पराग त्याच झाडाच्या कणसावर टाकण्याचा, म्हणजे स्वपरागणाचा, मार्ग धरला. तुऱ्यावर एक कागदी पिशवी बांधावयाची, कणसाचे केस बाहेर पडण्यापूर्वी त्यावर दुसरी पिशवी चढवावयाची, आणि योग्य वेळी पहिलीतील पराग दुसरीच्या आतील केसांवर झाडून पुन्हा पिशवी बांधावयाची, असा हा साधा परंतु अतिशय सबुरीचा उद्योग आहे. पिढी दर पिढी असे केल्यावर मका खंगत जातो. झाडे खुजी होतात, कणसे बोटभर राहतात, काही रोपे हरितद्रव्याच्या अभावी पांढरीफटक उगवून चार दिवसांत मरतात, आणि काही वंश बीच न धरता संपतात. ह्याचे कारण असे, की उघड्या शेतातील मक्याच्या जननद्रव्यात पुष्कळ दोष निद्रिस्त असतात, आणि दुसऱ्या बाजूने आलेल्या निर्दोष जनुकाच्या आड ते लपून राहतात. स्वपरागणाने दर पिढीला दोन्ही बाजूंतील भेद निम्म्याने घटतो, सात पिढ्यांनंतर तो शेकडा एकाहूनही कमी उरतो, आणि लपलेला प्रत्येक दोष उघड्यावर येतो. ह्या अग्निपरीक्षेतून जे वंश जगून बाहेर पडतात, ते दिसावयास केविलवाणे असले तरी एका अर्थाने शुद्ध असतात: वंशातील एक झाड दुसऱ्यासारखे आणि आजचे उद्यासारखे.

शल ह्यांनी अशा दोन खंगलेल्या वंशांचा एकमेकांशी संकर केला, आणि जे उगवले ते पाहून त्यांची संशोधनाची दिशाच पालटली. संततीने आपली हरवलेली शक्ती एका पिढीत परत मिळवली होती. काही जोड्यांची संतती तर ज्या मूळ मक्यापासून हे वंश काढले त्यालाही मागे टाकीत होती. १९०८ साली त्यांनी आपला निष्कर्ष जाहीर केला आणि पुढील वर्षी त्यावरून पैदाशीची पद्धतही मांडली: आधी शुद्ध वंश काढा, मग त्यांच्या जोड्या जुळवून पाहा, आणि जी जोडी सर्वोत्तम ठरेल तिचेच बी दर वर्षी नव्याने तयार करा. संकराने येणाऱ्या ह्या बळाला त्यांनी १९१४ साली हेटेरोसिस हे नाव दिले. आपल्याकडे त्याला संकरजोम म्हणतात. कनेक्टिकटमध्ये एडवर्ड ईस्ट हेही स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालले होते.

पद्धत बिनतोड होती, पण व्यवहारात तिला एक मोठी अडचण आडवी आली. संकराचे बी ज्या झाडावर धरावयाचे ते आईचे झाड शुद्ध वंशाचे, म्हणजेच खंगलेले. त्यावर दाणे थोडे धरत, तेही बारीक, आणि अशा बियाण्याची किंमत सामान्य शेतकऱ्याला झेपण्यासारखी नव्हती. कनेक्टिकटच्याच संशोधनकेंद्रातील डोनाल्ड जोन्स ह्यांनी १९१७ च्या सुमारास तीवर तोड काढली. चार वंश घ्या. पहिल्या दोघांचा एक संकर करा, उरलेल्या दोघांचा दुसरा, आणि ह्या दोन जोमदार संकरांचा पुन्हा आपसांत संकर करा. आता आईचे झाड धडधाकट असल्यामुळे बी विपुल आणि टपोरे मिळू लागले. ह्या दुहेरी संकराच्या जोरावर १९३० नंतरच्या दशकात संकरित मका मध्यपश्चिमेत पसरला, आणि आयोवात तर १९४०च्या दशकाच्या आरंभीच जवळजवळ सगळे क्षेत्र त्याखाली आले.

पैदासकारापुढचे खरे संकट मात्र येथून पुढे सुरू होते. एखाद्याजवळ शंभर शुद्ध वंश आहेत असे धरून चला. त्यांच्या दोन-दोनांच्या जोड्या होतात ४,९५०. आणि चार-चारांचे दुहेरी संकर करू म्हटले तर ते होतात १,१७,६३,६७५. प्रत्येक संकर निरनिराळ्या जमिनींत, निरनिराळ्या पावसात, दोनतीन वर्षे पेरून तोलावयाचा म्हटले तर पृथ्वीवरची सगळी शेते अपुरी पडतील. बरे, वंशाचे स्वतःचे रूप आणि उत्पन्न पाहून निवड करावी, तर त्याचा उपयोग बेताचाच. रोगाला बळी पडणारा, वाऱ्याने लोळणारा किंवा तुराच नीट न टाकणारा वंश तेवढा डोळ्यांनी पाहून बाद करता येतो. परंतु उरलेल्यांपैकी कोणाच्या पोटी उत्तम संतती येईल हे त्याचा चेहरा सांगत नाही. शुद्ध वंशांतला धट्टाकट्टा कित्येकदा सामान्य संतती देतो, आणि कोपऱ्यातला खुजा, अरुंद पानांचा वंश योग्य जोडीदार मिळताच शेत भरून टाकतो.

मार्ग निघाला तो शितावरून भाताची परीक्षा करण्याचा. शंभरही वंशांचा संकर एकाच सर्वसाधारण, बहुरंगी वाणाशी करावा, आणि ज्या वंशांची संतती सरासरीने चांगली निघेल तेवढेच पुढच्या परीक्षेसाठी ठेवावेत. मर्ल जेंकिन्स आणि आर्थर ब्रनसन ह्यांनी १९३२ साली दाखवून दिले, की अशा एका चाळणीतून निकृष्ट वंश विश्वासाने गाळता येतात. दोन वर्षांनी जेंकिन्स ह्यांनी आणखी एक हिशेब सिद्ध केला: चार वंशांचा दुहेरी संकर कसा निघेल हे, त्यात प्रत्यक्ष जोडीला न बसलेल्या चार एकेरी संकरांच्या सरासरीवरून पुष्कळसे आधीच सांगता येते. लाखो संकर पेरण्याची गरज उरली नाही. थोडे पेरून बाकीचे कागदावर तोलता येऊ लागले. १९४२ साली जॉर्ज स्प्रेग आणि लॉईड टेटम ह्यांनी ह्या अनुभवाला दोन संज्ञा दिल्या. कोणाशीही जोडले तरी सरासरी चांगले उतरण्याचा जो गुण, त्याला त्यांनी सामान्य संयोगक्षमता म्हटले. आणि एखाद्या विवक्षित जोडीदाराबरोबरच, अपेक्षेबाहेर, प्रकट होणारा जो गुण, ती विशिष्ट संयोगक्षमता. नव्या, अनोळखी वंशांत आधी पहिली पारखावी, आणि चाळणीतून उतरलेल्या थोडक्यांत दुसरी शोधावी, असा क्रम त्यातून पडला आणि तो आजही मोडलेला नाही.

मला ह्या दोन संज्ञांत ह्या विद्येचे सारे मर्म दिसते. गुण हा एकट्या वंशाचा नसून जोडीचा असतो, आणि तो अपत्याखेरीज दुसरीकडे कोठेही दिसत नाही, हे मान्य करावयास निवड करणाऱ्याला आपल्या डोळ्यांवरचा भरवसा सोडावा लागतो. आणि हजारो वर्षे केवळ डोळ्यांनी बी निवडीत आलेल्या माणसाला हे सोपे नव्हते.

आता त्या दोन घराण्यांकडे वळू. १९३०च्या दशकात एम्स येथे स्प्रेग ह्यांच्यापुढे मका लोळण्याचा प्रश्न होता. खोड बळकट असलेले सोळा शुद्ध वंश निवडून त्यांनी ते एकमेकांत मिसळले आणि एक कुंड तयार केले; त्याला ताठ खोडाचे आयोवा मिश्रण असे नाव पडले. त्यातील बहुतेक रक्त रीडच्या पिवळ्या मक्याचे होते. ह्या कुंडातून प्रत्येक फेरीत वंश काढावयाचे, ठरलेल्या जोडीदाराशी संकर करून संततीवरून त्यांची परीक्षा घ्यावयाची, आणि सरस ठरलेले पुन्हा कुंडात मिसळावयाचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. बी-१४ आणि बी-३७ हे गाजलेले वंश ह्या कुंडातून प्रारंभीच निघाले होते. पाच फेऱ्यांनंतर जो निघाला तो बी-७३, आणि १९७२ साली तो बाहेर देण्यात आला. दुसरीकडे लँकेस्टरच्या मक्यातून जोन्स ह्यांनी कनेक्टिकटमध्ये सी-१०३ हा वंश काढला होता आणि त्याच्यापासून मिसूरी राज्यात १९६४ साली एमओ-१७ सिद्ध झाला. बी-७३ ही आई आणि एमओ-१७ हा बाप: ही जोडी पुढे इतकी फळली, की दुहेरी संकराचा काळ सरून एकेरी संकराचा काळ आला, त्यात हिचा वाटा फार मोठा आहे. तोपर्यंत शुद्ध वंशही निवडीने इतके सुधारले होते, की आईच्या झाडावर आता पुरेसे बी धरत होते. २००९ साली मक्याचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला तोही बी-७३ चाच.

रीडचे कूळ आणि लँकेस्टरचे कूळ ही तेव्हापासून पैदासकारांच्या दफ्तरात जणू दोन गोत्रे होऊन बसली. सगोत्र विवाह करावयाचा नाही हा दंडक. नवा वंश काढावयाचा तो एकाच गोत्रातील चांगल्या वंशांच्या मिश्रणातून, आणि त्याची परीक्षा घ्यावयाची ती मात्र दुसऱ्या गोत्राशी जोडून. ही गोत्रे निसर्गाने आखून दिलेली होती असे मात्र कोणी समजू नये. आरंभी दोन्हींमधील अंतर आजच्याएवढे स्पष्ट नव्हते. पिढ्यानुपिढ्या एका बाजूला एकाच प्रकारची निवड आणि दुसऱ्या बाजूला तिला पूरक अशी निवड होत गेल्याने ती एकमेकांपासून दूर सरकत गेली. म्हणजे सोयरीक जुळावी म्हणून माणसांनी दोन कुळे घडवली, असेच म्हणावे लागते.

आईबापांच्या निवडीत जे दिसत नाही त्याचा एक भयंकर दाखला १९७० साली घडला. संकराचे बी करताना आईच्या ओळींतील तुरे हाताने उपटून काढावे लागतात, नाहीतर तिचे कणीस तिच्याच परागाने भरते. मध्यपश्चिमेत दर उन्हाळ्यात शाळेची मुले हे काम करीत आली आहेत. टेक्सासमध्ये एक असा मका सापडला, की ज्याच्या तुऱ्यात जिवंत परागच तयार होत नसे, आणि हा गुण आईकडून पेशीद्रव्यातून मुलाला मिळत असे. तुरा उपटण्याची मजुरी वाचली. बीजकंपन्यांनी आपापल्या मातृवंशांत हे पेशीद्रव्य भरले, आणि १९७० पर्यंत अमेरिकेतील संकरित मक्याच्या बियाण्यापैकी सुमारे ८५ टक्के बियाण्यात तेच होते. त्या वर्षी दक्षिणेकडून करप्याची एक नवी जात आली, आणि ती नेमकी ह्याच पेशीद्रव्याच्या झाडांवर तुटून पडली. देशाच्या पिकापैकी सुमारे १५ टक्के त्या एका हंगामात गेले. वंश शेकडो असले, त्यांची नावे निरनिराळी असली, तरी आईच्या बाजूने सारे एका गोष्टीत एक झाले होते, आणि ती एक गोष्ट कोणाच्याही उत्पन्नाच्या तक्त्यात नोंदलेली नव्हती. पुढल्या हंगामांत मुले पुन्हा तुरे उपटण्यास शेतांत उतरली.

आपल्या देशात १९५७ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने मक्याची अखिल भारतीय समन्वित योजना सुरू झाली, आणि १९६१ साली गंगा-१, गंगा-१०१, रणजीत आणि डेक्कन हे पहिले संकर बाहेर पडले. मध्यपश्चिमेचे तयार वंश उचलून आणावेत तर ते येथील उष्ण, दमट पावसाळ्यात टिकण्यासारखे नव्हते. सबब येथल्या कठीण दाण्याच्या मक्याबरोबर कॅरिबियन बेटांतील व दक्षिण अमेरिकेतील उष्ण कटिबंधाचे वाण शोधावे लागले. महाराष्ट्रात तर संकराची ओळख पटली ती मक्यापेक्षा ज्वारीच्या द्वारे, इतकी की पुष्कळ गावांत हायब्रीड म्हटले की ज्वारीच समजत. ज्वारीच्या बारीक फुलात नर-मादी एकत्र, तेथे तुरा उपटण्याची सोय नाही. म्हणून १९६४ साली प्रसृत झालेल्या सीएसएच-१ ह्या पहिल्या संकराची आई अमेरिकेतून आणलेल्या नरवंध्य वंशाची घ्यावी लागली. हायब्रीडचे बी घरचे ठेवून चालत नाही हा अनुभव शेतकऱ्याला त्याच काळात आला. संकराच्या दाण्यातून पुढल्या वर्षी सगळी भावंडे निरनिराळी उगवतात आणि जोम ओसरतो. बियाण्याच्या पिशवीवर संकराचे नाव असते, आईबापांची नावे नसतात. पूर्वी सरकारी केंद्रे आपल्या वंशांची कुळी उघडपणे जाहीर करीत. आज ती खाजगी कंपन्यांची गुप्त मिळकत झाली आहे, आणि १९७० च्या अनुभवानंतर ही गोष्ट मला बरी वाटत नाही.

शुद्ध वंश काढण्यास पूर्वी सात-आठ पिढ्या लागत. आता एका विशिष्ट नराच्या परागाने आईच्या एकेरी गुणसूत्रसंचाची रोपे मिळवून ती दुप्पट करतात, आणि दोनतीन हंगामांतच वंश पूर्ण शुद्ध होतो. जनुकांच्या खुणांवरून संततीचे अनुमानही बांधता येते. तरीही शेवटची निवड शेतात, अनेक ठिकाणी पेरून आणि तोलूनच करतात.

निवडलेल्या जोडीचे बी जेथे होते ते शेत एकदा पाहण्यासारखे असते. आपल्याकडे आंध्र आणि तेलंगणात अशी शेते पुष्कळ आहेत. मादीच्या काही ओळी, मग नराच्या एकदोन, पुन्हा मादीच्या, अशी मांडणी असते. दोघांचा फुलोरा एका वेळी यावा म्हणून कित्येकदा एकाची पेरणी काही दिवस मागेपुढे करावी लागते, कारण उत्तम जोडी असूनही नराचा पराग मादीचे केस बाहेर पडण्याआधी झडून गेला तर सारे व्यर्थ. आईसाठी पुष्कळ दाणे धरणारा आणि न लोळणारा वंश पाहतात, बापासाठी उंच आणि बरेच दिवस भरपूर पराग टाकणारा. तुरे बाहेर पडू लागले की मजूर रोज मादीच्या ओळींतून फिरतात आणि पराग उधळण्यापूर्वी एकेक तुरा खेचून काढतात. एखादा राहून गेला तर पुन्हा माघारी येऊन तो काढतात. कणसे भरली की नराच्या ओळी आधी कापून शेताबाहेर नेतात, म्हणजे त्यांचे एकही कणीस बियाण्यात मिसळणार नाही, आणि मग मादीच्या ओळींची कणसे काढावयास सुरुवात होते.